दार सील, खिडकी उघडी

मित्रांनो, इस्तंबूलच्या एका चढाच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून दोरीला बांधून खाली सोडतात ती वेताची जुनी टोपली मी. खाली वेहबीचं किराणा दुकान आहे. तिथून पाव, अंडी, लिंबं घ्यायची आणि वर यायचं, एवढंच माझं काम. पण एकदा नऊ दिवस एका बाईचा जीव माझ्या दोरीला टांगला होता, ते सांगते.

समुद्राकाठच्या एका म्हाताऱ्याने मला विणलं. त्याच्या हातची एकही गाठ अजून सुटलेली नाही, याचा मला जरा गर्वच आहे. बाजारातून मला पेरिहानने आणलं तेव्हा ती पंचविशीत होती, आता साठीला टेकली. ती जन्मली तेव्हा घरच्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं. ती बाई म्हणून जगू लागली, तसं त्यांनी दार लावून घेतलं. मग या गल्लीत तिला तिच्यासारख्याच सात-आठजणी भेटल्या आणि तिचं घर झालं.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलं. पुढारी टीव्हीवरून या बायकांवर तोंडसुख घेऊ लागले. रस्त्यावर नुसतं उभं राहिलं तरी दंड होऊ लागला. तेव्हा यांनी आपसात वाटणी करून घेतली: आजारी असेल तिला सूप कोण देणार, कोर्टात सोबत कोण जाणार, बेघर झालेलीने कोणाकडे झोपायचं. आणि एक पक्का नियम केला. वर्दीवाल्यांनी दार वाजवलं, तर आतून श्वाससुद्धा ऐकू जाता कामा नये.

त्या नियमानेच घात केला. कोणाच्या तरी तक्रारीवरून एका सकाळी पोलिसांनी दार वाजवलं. पेरिहान तोंडावर उशी दाबून पडून राहिली. बाहेरच्यांना वाटलं, घर रिकामं आहे. त्यांनी दाराला कागद चिकटवला, लाखेचा शिक्का मारला, तीन महिन्यांसाठी घर बंद केलं आणि निघून गेले. आता आतून दार उघडलं तरी शिक्का तुटणार, आणि शिक्का तोडणं म्हणजे गुन्हा.

वकील नुर्शेन धापा टाकत आली आणि गल्लीतूनच ओरडली, "पेरिहानताई, आतच राहा! आत माणूस असताना दार बंद केलं, हीच आपली बाजू आहे. बाहेर आलात तर घर गेलं समजा."

"बाहेर येऊ कशी, बाई? पंख आहेत का मला?"

"तोंडाला शिक्का लावायचा राहिला वाटतं!" पलीकडच्या खिडकीतून सिर्मा हसली. ती त्यांच्यातली सगळ्यात धाकटी.

हसली खरी, पण डोळे तिचेही भरले होते. पेरिहानला साखरेचा आजार. रोजची सुई चुकली तर खटला कोण लढणार? सिर्माने वेहबीच्या दुकानाच्या फळीवर खडूने पाळ्या लिहिल्या आणि माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. बर्फात गुंडाळलेलं इन्सुलिन, मसुराचं सूप, धुतलेले कपडे मी वर नेले. चौथ्या दिवशी पेरिहानने केसांचा कलप मागवला. म्हणाली, "सील काढायला माणसं येतील, त्यांच्यापुढे पांढरी मुळं नकोत."

सहाव्या दिवशी मी औषध घेऊन वर जात होते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक हात आला आणि त्याने मला धरलं. दुसऱ्या हातात कात्री होती. ती मुकद्देस होती. पेरिहानविरुद्धच्या तक्रारीवर तिच्या नवऱ्याची सही होती आणि त्याखाली तिचीही. आता ही दोरी कापणार, असं वाटून मी थिजले.

तिने कात्री बाजूला ठेवली. नुकत्याच कापलेल्या शेपूच्या काड्या अजून तिला चिकटलेल्या होत्या. मग तिने भात भरलेल्या पानांच्या गुंडाळ्यांचं एक झाकलेलं भांडं माझ्यात ठेवलं. "डोलमा आहेत गं," ती वर बघून म्हणाली. "भात जरा कच्चा राहिलाय. तोंड वाकडं करू नकोस."

वरून पेरिहानचा आवाज आला, "सही करताना माझी आठवण नाही आली तुला?"

"आली. नवऱ्यापुढे मी गप्प बसले, हेच चुकलं."

"भात खरंच कच्चा आहे," मला वर ओढून एक डोलमा चाखल्यावर पेरिहान खाली ओरडली. "उद्या नीट शिजव."

आठव्या दिवशी कोर्टात सरकारी वकील म्हणाले, घर रिकामंच होतं, त्या बायका कांगावा करताहेत. तेव्हा नुर्शेनने मुकद्देसला उभं केलं. नवरा मागच्या बाकावर बसून डोळे वटारत होता. ती म्हणाली, "शिक्का मारला त्या दिवसापासून तिचं जेवण माझ्या खिडकीवरून जातंय. दोनदा मीच शिजवलंय. रिकामं घर डोलमा खातं का?"

नवव्या दिवशी शिक्का निघाला. पेरिहान नव्या काळ्याभोर केसांनी बाहेर आली आणि सिर्माच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

जुना नियम त्यांनी मोडीत काढला. आता सकाळी नऊला साऱ्याजणींच्या टोपल्या खाली येतात, काही आणायचं नसलं तरी. जिची येणार नाही, तिच्या दारी बाकीच्या धावतात. दोरी बांधायचा माझा कान झिजला, तर पेरिहानने लाल फीत गुंडाळून दिली. तेव्हा मित्रांनो, शेजारची खिडकी बंद दिसली, तर हाक मारायला लाजू नका.

परवा मी अशीच रिकामी खाली चालले होते. दुसऱ्या मजल्यावर मुकद्देसने मला थांबवलं, पण तिचे हात रिकामे होते.

"आज कंबर धरलीय गं," ती म्हणाली. "काही शिजवलंच नाही."

"मग तू काय खाणार?" पेरिहान वरून ओरडली. "थांब, टोपली वर घेते. माझ्याकडे सूप आहे."

आणि मी अर्ध्या वाटेतून परत वर निघाले.