टिकलेली चिठ्ठी

ताईने प्रयोगशाळेत बनवलेलं औषध लागू पडलं असतं तर तिला काय काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकावं. म्हणजे पुढे कुणी तिला निव्वळ भोळी म्हणायला नको. विभागाचं प्रमुखपद मिळणार होतं, शोधनिबंधावर एकटीचं नाव लागणार होतं आणि धाकटा भाऊ वाचणार होता. ती स्वतः भावाचं नाव पहिलं घ्यायची. माणूस पहिलं जे सांगतो ते लोकांसाठी असतं. पण ताईच्या बाबतीत तेही खरं होतं, एवढं तिच्या बाजूने मांडायला हवं.

धाकटा चष्म्यांच्या काचा घासायचा. दुकान छोटं, जीभ मोठी. वर्षभरात त्याचं रक्त आटत चाललं होतं. हाडांतल्या मगजाला नव्या पेशी बनवायचा हुकूम पुरेसा पोचतच नव्हता.

पेशीतलं राज्य चिठ्ठ्यांवर चालतं. जनुकातला मजकूर उतरवून चिठ्ठी बाहेर येते, तिलाच संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती वाचून प्रथिन बनतं आणि मग चिठ्ठी फाडली जाते. काही चिठ्ठ्यांच्या शेपटीवर खूणच असते, की हिला लवकर फाडा. फाडणारे ती शेपटी धरतात आणि चिठ्ठीचा भुगा करतात. रक्त वाढवणाऱ्या हुकुमाची चिठ्ठी अशीच अल्पायुषी. ताईच्या औषधाने फाडणाऱ्याचे हात बांधले. चिठ्ठी टिकली, पुन्हा पुन्हा वाचली गेली, प्रथिन वाढलं.

इथे ताईचा धंदा आडवा आला. आरएनए म्हणजे महानाजूक माल. उघडं बोट लागलं तरी नासतो, कारण आपल्या घामातसुद्धा फाडणारे बसलेले असतात. उभा जन्म तिने हातमोजे घालून, बर्फात नळ्या खोचून, "हात! हात लावू नका!" असं ओरडत काढला होता. वहिनी म्हणजे धाकट्याची बायको, ती म्हणायची, "ताईंकडे पाणी मागितलं तरी आधी हात पुसायला लावतील." फाटलेला आरएनए म्हणजे दिवस पाण्यात. चिठ्ठी फाडणं हेही पेशीचं एक कामच आहे, हे अशा बाईला पुस्तकातून ठाऊक होतं, अंगात मुरलं नव्हतं.

औषध घातलेल्या पेशी बशीत ज्या गुलाबी पाण्यात वाढत होत्या, ते सकाळी बघावं तर पिवळं झालेलं. पेशी फार राबल्या की तसं होतं.

"कामाला लागल्यात पोरी," ताई खूश होऊन म्हणाली.

"कामाला लागल्यात की जाळपोळीला?" दारातून आवाज आला. शेजारच्या प्रयोगशाळेतला एक संशोधक. सगळे त्याला शंकासुर म्हणायचे. तोंडावर म्हटलं तरी चिडायचा नाही.

"आलास? आज दूध कुणाचं नासवायचंय?"

"तुझी चिठ्ठी टिकली, मान्य. पण तसलीच शेपटी असलेल्या बाकीच्या चिठ्ठ्या? सुजेचा हुकूमही त्याच शेपटीचा असतो बाई."

"बघेन की."

"नमुने दे. माझ्याकडे सगळं तयार आहे, लगेच बघून देतो."

"आणि निबंधावर तुझं नाव कुठे घालू? माझ्या डोक्यावर?"

"तळाशी घाल. मी काय उपाशी आहे?"

ताई हसली. नमुने दिले नाहीत. वाटेकरी तळाशी बसला तरी वाटेकरीच. शिवाय चिठ्ठी टिकली म्हणून कुणाचं वाईट झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. माणसांवर औषध वापरायची परवानगी देणाऱ्या समितीसमोर तिने विचारलं तेवढंच सांगितलं, आणि समितीने सुचलं तेवढंच विचारलं.

परवानगी मिळाली, धाकट्याला औषध सुरू झालं आणि त्याच्या गालांवर रंग आला. "ताई, दोन जिने चढलो, धाप नाही. हिला सांग, आता भांडायला जोर आलाय."

"तोंडाला जोर कधी कमी होता?" आतून वहिनी.

रक्त तपासायला त्याच्या बोटाला सुई टोचत. एकदा टोचलेलं बोट लाल झालं आणि लालच राहिलं. मग पेर फुगलं. मग तळवा.

"टोचलं तुमच्या नर्सबाईंनी, सुजलो मी. न्याय आहे का काही तुमच्या खात्यात?" तो म्हणाला. तेव्हा तिघंही हसली.

सूज मनगट ओलांडून कोपराकडे निघाली. डॉक्टरांनी सगळं तपासलं. "जंतू एकही नाही," ते म्हणाले. "लढाई जोरात चालू आहे, शत्रूच दिसत नाही."

 ताई भावाच्या रक्ताची नळी घेऊन स्वतः शंकासुराच्या दारात गेली. त्याने नळी घेतली आणि मोजणीला लावली. नव्या चिठ्ठ्या लिहिणं थांबवून जुन्या किती उरतात ते मोजत जायचं. चिठ्ठ्या फाटत गेल्या तर आलेखाची रेष उतरायला हवी. सुजेच्या चिठ्ठीची रेष पडद्यावर सपाट सरकत राहिली. अशा सपाट रेषेसाठी ताईने आयुष्यभर देव पाण्यात ठेवले होते.

"औषध बंद कर," तो म्हणाला.

"कालच केलं."

"मग उतरेल."

"पेशीत चिकटून बसतं ते. लवकर जायला नको म्हणून मीच तसं बनवलंय."



धाकट्याचा दंड खांद्यापर्यंत तापून टणक झाला. वॉर्डात बसून तो म्हणाला, "ताई, तू शिकलेली ना? सांग की ह्या हाताला, झालं म्हणून. एका सुईचा राग किती दिवस धरायचा?"

"सांगतेय रे," ताई म्हणाली. पण आत थांबवणारं कुणी मोकळंच नव्हतं. सुजेचा हुकूम वाचला जात होता, पुन्हा वाचला जात होता. मग छातीत पाणी झालं. लख्ख उन्हाच्या वेळी, वहिनी डबा आणायला गेलेली असताना, तो गेला.

भेटायला आलेला शंकासुर बोलून गेला, "मी आधीच नमुने मागितले होते, तपासून देतो म्हणून." वहिनीने ताईकडे पाहिलं. "यांनी मागितले होते?"

ताईने 'हो' म्हणून मान हलवली. वहिनी उठून आत गेली, ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

आता या चुकीचं कुणी काय भरलं ते पाहू. समितीने काहीच भरलं नाही, नियमावली जाड केली. शंकासुराची शंका खरी ठरली, त्याचा निबंध छापून आला, त्याचंही काही गेलं नाही. ताईचं प्रमुखपद गेलं. पण जे हातात आलंच नव्हतं ते गेलं, त्याला भरणं म्हणत नाहीत. सगळं भरलं धाकट्याने. आणि वहिनी अजून भरते आहे: काचा घासायला शिकली, आणि नणंदेचा फोन आला की हात ओले आहेत म्हणते.