कुरळ्या पिसांची हौस

गिरणीतली नोकरी संपल्यावर देवळीच्या रूपरावांना कोंबड्यांचं वेड लागलं. त्यातही कुरळ्या पिसांच्या. त्यांच्या लालसर कोंबडीची पिसं अंगाला चिकटून न बसता उलटी वळायची; वावटळीतून नुकतीच आल्यासारखी दिसायची ती. तिच्यासाठी त्यांनी केळझरच्या साडूकडून तसलाच पांढरा कोंबडा आणला. दोघंही कुरळे, म्हणजे पिलं आणखीच कुरळी निघतील, असा त्यांचा हिशोब.

"अंडी खाच्या माणसाले पिसाचं काय करा लागते?" बायको नलू म्हणायची.

कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली, पिलं निघाली. बाकीची छान फुलली, पण एका पिलीची पिसं येता येताच तुटायला लागली. थंडी सुरू झाली तेव्हा ती जवळजवळ उघडी होती. दुसरी पिलं तिला टोचायची.

रूपराव तिला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेले.

"हा रोग नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन्हीकडून कुरळेपणा आला की एखाद्या पिलाचं असं होतं. एक कुरळा असला तर दुसरा साधा हवा."

घरी येऊन रूपरावांनी पिलीला ओट्यावर सोडलं.

"काय म्हणे डाक्टर?" नलूनं विचारलं.

"रोग असता तं औषध केलं असतं. हे मीच केलं, नलू. माह्या हौसेपायी थे कुडकुडून राह्यली."

शेजारचे महादेवराव कुंपणावरून म्हणाले, "कापून टाका, सुटंल बिचारी."

"तुमी नका सांगू!" नलू कडाडली. तशीच घरात गेली, जुन्या स्वेटरची बाही कापली, पंखांसाठी दोन भोकं पाडली आणि पिलीला घातली. पिली आधी दगडासारखी उभी राहिली. मग अंग झाडलं आणि सरळ कण्यांवर तुटून पडली. कितीतरी दिवसांनी रूपराव मोठ्यानं हसले.

जिवावर आलं, तरी पांढरा कोंबडा त्यांनी परत पोचवला आणि साध्या पिसांचा, ठिपक्याठिपक्यांचा आणला. उन्हाळ्याआधीच्या पिलांत निम्मी कुरळी निघाली, निम्मी साधी. उघडं एकही नव्हतं.

एका सकाळी नलू खुराड्यापाशी उकिडवी बसून पिलं न्याहाळत होती.

"अवो, हे ठिपक्याची कुरळी पाह्यली का? इले विकू नका," ती म्हणाली. "इच्यासाठी काळा कोंबडा पाहू. साध्या पिसाचा."

रूपराव तिच्या शेजारी बसले.