माझ्याखालचा लाल गालिचा

मित्रांनो, मी एक जुनी टाकी. अ‍ॅल्युमिनियमची, पेट्रोलची. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर एका छोट्या होडीच्या पोटात माझं आयुष्य गेलं. डोक्यावर कायम फळी, त्यामुळे समुद्र मी फारसा पाहिला नाही. ऐकला मात्र भरपूर.

मला होडीत बसवलं सेल्बीनं. लाटांवर मी खडखडू नये म्हणून त्याच्या बायकोनं, ड्रुसिलानं, माझ्याखाली लाल गालिच्याचा तुकडा अंथरला. तो त्यांच्या बेटावरच्या घरातला. तिकडची शाळा बंद झाली, सामानाची बोट येईनाशी झाली, तेव्हा सगळं गाव बेट सोडून इकडे किनाऱ्यावर आलं. घर मागे राहिलं, गालिचा तेवढा बरोबर आला. मला त्याचा फार लळा लागला.

सेल्बी गेला तेव्हा त्याला बेटावरच पुरलं. दर ऑगस्टमध्ये एका रविवारी सारं गाव होड्यांतून तिकडे जातं, कबरींवर फुलं ठेवतं. ड्रुसिलाला तिचा दीर हेडली आमच्याच होडीतून नेई. यंदाची तिची खेप शेवटची होती. गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि थंडीआधी मुलगा तिला आपल्याकडे, दूरच्या अल्बर्टा प्रांतात नेणार होता.

नेमकी त्या रविवारच्याच आठवड्यात मी गळायला लागले. होडीभर पेट्रोलचा वास सुटला.

आमच्या गावाची एक खोड आहे. घरच्या शेडमध्ये होण्यासारखं काम बाहेर दिलं, तर माणसाला मान खाली घालावीशी वाटते. हेडलीनं मला बाहेर काढलं, पालथी करून शेवटचा थेंब निथळवला, आणि शेडमध्ये नेऊन जोडकामाची, जाळ फेकणारी बत्ती उचलली. मला ओरडता आलं असतं, तर मी ओरडले असते. पोटात पेट्रोल नव्हतं, पण त्याची वाफ ठासून भरली होती.

तेवढ्यात त्याची मुलगी वर्ना आली. ती गोदीत वेल्डिंग करते.

"बाबा, ती बत्ती खाली ठेवा."

"अगं, रिकामी आहे. ऐक, ठणठण वाजतेय."

"वाफ वाजत नाही, पेटते. शेड उडेल, आणि शेडच्या आधी तुम्ही."

"मग रविवार गेला म्हणायचा. वहिनीला काय तोंड दाखवू?"

वहिनी काठी टेकून वर्नाच्या मागेच उभी होती. ती म्हणाली, "भावजी, मला सेल्बीला भेटायला जायचंय. तुम्हाला त्याच्या शेजारी निजवायला नाही."

हेडलीनं बत्ती खाली ठेवली.

वर्नानं मला गोदीत नेलं. मोकळ्या हवेत साबणाच्या गरम पाण्यानं धुतलं, वाफारा दिला, परत धुतलं. वाफ मोजायच्या मीटरची नळी घालून माझ्या पोटातली हवा तपासली. मग आत न पेटणारा वायू भरला आणि तेव्हाच जाळ जवळ आणला. पोखरलेला पत्रा काढून नवा बसवला. शेवटी कमी दाबानं हवा भरून, गळती कळावी म्हणून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही.

पण रविवार गेला. इतरांच्या होड्या दिसेनाशा होईपर्यंत ड्रुसिला धक्क्यावर उभी होती म्हणे; सेल्बीची होडी सोडून दुसऱ्या होडीत ती बसेना.

मला परत बसवताना वर्ना तिला म्हणाली, "काकू, या गालिच्यानंच टाकी खाल्ली. खारं पाणी धरून बसला होता."

"मीच घातला गं. तिला मऊ लागावं म्हणून."

वर्नानं माझ्याखाली रबराच्या पट्ट्या लावल्या. धुतलेला गालिचा कुंपणावर वाळत पडला. मला ओकंबोकं वाटलं.

मग एका शांत दिवशी हेडली ड्रुसिलाला घेऊन निघाला. तिच्या काखेत तो गालिचा होता. मी थेंबभरही गळले नाही. पुढचं मला कळलं ते हेडलीनं माझ्या डोक्यावरच्या फळीवर बसून वर्नाला सांगितलं तेव्हा.

"लोकांची फुलं वाळून गेली होती. वहिनीनं कबरीपाशी गालिचा टाकला आणि चक्क गुडघ्यांवर बसली. उठेचना. मी हात दिला, तर म्हणते, थांबा भावजी, आत्ता कुठे घरी आलेय."

गालिचा तिकडेच राहिला. ड्रुसिला अल्बर्टाला गेली.

मित्रांनो, होडीत पेट्रोलचा वास आला तर काडी ओढू नका. रिकाम्या टाकीवर भरवसा ठेवू नका, तिला जाणत्या हातात द्या. आणि अधूनमधून आमच्याखाली हात घालून बघा, ओल आहे का.

मी आता रबरावर बसते. कोरडी आहे, धड आहे. तरी मोठी लाट आली की मला तोच गालिचा हवासा वाटतो. त्यानंच मला खाल्लं, हे ठाऊक असूनही.