परातीखालचे ठिपके

कोपरच्या विश्राम सरांनी तीस वर्षं गणिताचा क्लास चालवला आणि तीस वर्षं पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकली: सुटलं नाही तर दहा वेळा सोडवा, सुटलं तर वीस वेळा. पोरं खरंच पास व्हायची. सगळा घोळ तिथेच झाला.

दिवाळीनंतर त्यांच्या बायकोला, प्रमोदिनीबाईंना, अर्धांगाचा झटका आला. बोलणं अडखळत का होईना परतलं, पण उजवा हात लुळा पडला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी दरवर्षी भल्या पहाटे रस्त्यावर रांगोळी घालणारा हात. बाईंनी एकच मागितलं, "पाडव्याला... थोडी तरी... रांगोळी."

व्यायाम शिकवायला श्रिया नावाची मुलगी यायची. "काका, दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं. मधे हाताला पूर्ण आराम."

जानेवारीत एका सकाळी अंगठा आणि बोट जुळलं. बाल्कनीतल्या लादीवर बाईंनी चिमटीतून चार ठिपके सोडले. वाकडेतिकडे, पण ठिपकेच. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. झाडताना पुसले जाऊ नयेत म्हणून त्यांनी वर परात पालथी घातली.

आणि दुसऱ्या दिवशी कपाटावर वेळापत्रक लागलं. सकाळी दोन तास, दुपारी दोन, संध्याकाळी एक. पंधरा मिनिटांत चार ठिपके, तर पाच तासांत किती, हे काढायला त्यांना कागदसुद्धा लागला नाही. कपडे वाळत घालायच्या कप्पीची दोरी सोडून त्यांनी बायकोच्या मनगटाला बांधली. ते दोरी ओढत, हात वर जाई.

"अहो... दुखतं."

"दुखणारच गं! क्लासातली पोरं काय कमी रडायची?"

बाईंना वाटायचं, नवरा आपल्यासाठीच घाम गाळतोय, त्याला किती वेळा नाही म्हणायचं? श्रिया आली की दोरी मनगटावरून सुटलेली असायची, तिच्यावर टॉवेल वाळत असायचे.

फेब्रुवारीत खांदा सुजला. मग बोटं आत वळली ती वळलीच. ठाण्याच्या डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे पाहिला आणि विचारलं, "हात वर कोण ओढत होतं?" सर हळूच म्हणाले, "मी." खांदा निखळला होता. चिमटीची पकड पुन्हा येईल का, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर सोबत आलेली श्रिया रडवेली झाली. "काका, मी आराम सांगितलेला. तुम्ही तोच काढून टाकलात."

पाडव्याला सकाळी खाली ढोल वाजू लागले. बाईंचा हात झोळीत होता. सरांनी त्यांना बाल्कनीत खुर्चीवर बसवलं आणि परात उचलली. चारही ठिपके जागच्या जागी होते. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या कुणाच्या हातचे असावेत तशा.

सरांना राहवलं नाही. आयुष्यभराची सवय ती, तोंडातून निघून गेलं, "प्रमोदिनी, उद्यापासून आपण..."

वाक्य पुरं व्हायच्या आत प्रमोदिनीबाई खुर्चीत मागे सरकल्या. डाव्या हातानं त्यांनी पदर ओढला आणि उजवा हात त्याच्याखाली लपवला.