ठणठणीत माणसाचं रक्त

साहेब, बऱ्या माणसाचं रक्त काढायचं नाही, हा नियम तुमचा. तुमच्या इस्पितळात तातडीच्या कक्षाच्या दारावर तुमच्याच सहीनं डकवलाय. माझी आत्या त्या दारात अडली ती तुमच्यामुळे.

आत्या मधमाश्या पाळते. मागच्या महिन्यात मानेवर एक माशी चावली आणि बाई पेट्यांमध्येच आडवी. तुमच्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी कशाची वाट न पाहता मांडीत इंजेक्शन दिलं. ती सावरल्यावर रक्त घेतलं.

"पुरळ नाही, सूज नाही. घाबरली, दुसरं काय," आतोबा म्हणाले. "उद्यापासून परत कामाला."

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अ‍ॅलर्जीच्या झटक्यात रक्तात ट्रिप्टेज वाढतं. यांचं नॉर्मलच्या रेषेच्या जेमतेम आत आलंय. पण एरवी किती असतं ते कळल्याशिवाय वाढलं की नाही कसं सांगू? उद्या बरं वाटलं की पुन्हा रक्त द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खिडकीपाशी.

"काय होतंय?" कारकुनानं विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली.

"मग इथे कशाला?"

"काही होत नाही, म्हणूनच."

त्यानं तुमच्या कागदाकडे बोट केलं. "काहीतरी दुखतंय म्हणा, आत घेतो."

"या वयात दुखणी उसनी आणू होय?"

माझा आवाज चढला. आत्यानं मला खाली ओढलं. "गप गं. मी ठणठणीत आहे, कितीही वेळ बसेन."

आणि बसली. शेजारच्या प्लास्टरवाल्याला सांगू लागली, "आमच्यात नर काडीचं काम करत नाहीत. थंडी आली की माश्या त्यांना घराबाहेर काढतात." हे आतोबांकडे बघत. अख्खा बाक हसला.

डॉक्टरीणबाई कामावर आल्या, सगळं ऐकलं आणि तिथेच आत्याची बाही वर केली. "साहेबांचं मी बघते."

निकाल आला. एरवीचा आकडा निम्म्याहून कमी. म्हणजे झटक्यात दुपटीपेक्षा जास्त वाढला होता. अ‍ॅलर्जीच.

"ऐकलंत? भित्री नाही मी," आत्या म्हणाली.

आता तिचे उपचार चालू आहेत, पिशवीत इंजेक्शन असतं. पेट्या आतोबा बघतात, नखशिखांत जाळीत, घामानं निथळत. आत्या लांबून हुकूम सोडते, "हळू हो. त्यांना वाटेल दरोडा पडला."

आम्ही हसतोय, साहेब. पण तुमचा कागद अजून दारावर आहे. उद्या कुणी बापडा तो वाचून मुकाट्यानं घरी गेला, नुसती भीती समजून परत पेट्यांवर गेला आणि त्याला पुन्हा माशी चावली, तर जबाबदार कोण? उत्तर द्या.