फेरतपासणी

उत्कर्षा तारळेकरने वकिलीची सनद घेतली आणि पहिलाच खटला पोलिसांविरुद्ध घेतला, तेव्हाच तिच्या आईने कपाळाला हात लावला होता. पुण्यात वकिलाला काय कमी! भाडेकरूंची भांडणं आहेत, वाटण्या आहेत. शनिवार पेठेत तर एकेका जिन्यावर पिढीजात अशील मिळतं. पण हिने आयुष्यभर वकीलपत्रं घेतली ती कोठडीत मार खाल्लेल्यांची, झोपड्या उठवलेल्यांची, ज्यांना जामीन राहायला कुणी पुढे येत नाही अशांची. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि करपल्या की बोलणीही आपणच खायची. जिंकलेल्या खटल्यांपेक्षा हरलेले जास्त. मात्र एक गोष्ट तिच्या वैऱ्यांनाही मान्य होती, ही बाई साक्षीदार पढवत नाही. तिचे गुरू रंगराव सांगायचे, "पढवलेला पोपट उलटतपासणीत पहिल्या दगडाला उडतो." हे तिने इतकं मनावर घेतलं होतं की साक्षीदाराशी चार शब्द गरजेचे बोलायलाही ती कचरायची.

रजया भरणाऱ्या दादामियाँचा एकुलता एक मुलगा कामरान. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला रात्री उचललं आणि सकाळी त्याचं प्रेतच घरी आलं. फौजदार म्हणाला, पाय घसरून पडला. दादामियाँनी मंत्रालयाचे उंबरठे झिजवले, फौजदारावर खुनाचा खटला उभा करवला आणि उत्कर्षाला विशेष सरकारी वकील म्हणून नेमून घेतलं. सगळा खटला उभा होता एका माणसावर. बांधावरच्या मारामारीत धरलेला कात्रजपलीकडचा गेनबा त्या रात्री त्याच कोठडीत होता.

साक्षीच्या आधीच्या रविवारी गेनबा तिच्या ऑफिसात आला. बायकोने दिलेली शेंगदाण्याची चटणी टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, मला काय काय इचारतील?"

"जे पाहिलंत ते सांगा," एवढंच ती म्हणाली आणि चहा पाजून तिने त्याला वाटेला लावलं.

कोर्टात गेनबाने पाहिलेलं सगळं सांगितलं. फौजदाराने पट्टा कसा काढला, पोरगं पाणी कसं मागत होतं. मागच्या बाकावर दादामियाँ डोळे मिटून ऐकत होते. मग आरोपीचे वकील राजोपाध्ये उठले. त्यांनी अंधार काढला, दारू काढली, जुनं वैर काढलं; गेनबा तसूभर हलला नाही. हात टेकल्यासारखं त्यांनी उत्कर्षाकडे बोट करून जाता जाता विचारलं, "या बाईंना यापूर्वी कधी भेटलात?"

"न्हाई जी," गेनबा चटकन म्हणाला. "आज पैल्यांदाच बघतोय."

रविवारीच तर तो उत्कर्षाच्या ऑफिसात येऊन गेला होता. साक्षीदाराने वकिलाला भेटणं हा काही गुन्हा नाही. पण व्हरांड्यात फुकटचे सल्लागार काय कमी असतात! 'भेटलो म्हणालास की साक्ष गेली' असं कुणीतरी त्याच्या कानात भरलं असणार. ते भूत उतरवायला 'विचारलं तर भेटलो म्हणून खुशाल सांगा' एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि नवशिका वकीलसुद्धा ते साक्षीदाराला आधी सांगतो. हिने सांगितलं नव्हतं.

राजोपाध्ये खाली बसले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "फेरतपासणी? तुमच्या साक्षीदाराला आणखी काही विचारायचंय?" न्यायाधीशांनी तिला विचारलं. 'नाही' म्हटलं की संपलं. फौजदार आत, कामरानला न्याय. शपथेवरचं खोटं तिच्या खटल्यात तिच्या डोळ्यांदेखत नोंदलं जात होतं. ती उठली.

"गेनबा, आजच्या आधी आपली भेट कधी झाली होती?"

गेनबाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच त्याला पोलिसांच्या हाती दिलं होतं. मान खाली घालून तो पुटपुटला, "रईवारी. तुमच्या हापिसात."

राजोपाध्ये खुशीत हसले. "बाई, माझी उलटतपासणी तुम्हीच पुरी केलीत. आभार!"

निकाल लागला. एकमेव साक्षीदार शपथेवर खोटं बोलला, तेव्हा त्याच्या बाकीच्या शब्दांवरही विसंबता येत नाही. संशयाचा फायदा देऊन आरोपी निर्दोष. फौजदाराला बाहेर हार पडले. वकिलांच्या खोलीत म्हाताऱ्या वकिलांनी उत्कर्षाची पाठ थोपटली. अशी सचोटी आता राहिली नाही म्हणाले. तिला ते थोपटणं थपडीसारखं लागलं.

दादामियाँ जिन्यापाशी थांबले होते. रडले नाहीत, ओरडले नाहीत.

"वकीलबाई, एक विचारू? गेनबा माझ्या पोराबद्दल खोटं बोलला का?"

"नाही. एक अक्षरही नाही."

"मग तुम्ही उठलात ते कुणासाठी? कामरानसाठी, का आपल्यासाठी?"

ते खोटं पुढे हायकोर्टात उघडं पडलं असतं आणि सगळंच गेलं असतं, हे उत्तर तिच्या ओठांवर आलं. खोटं नव्हतं ते. पण त्या दिवशी उठताना तिच्या मनात हायकोर्ट नव्हतं आणि कामरानही नव्हता. दादामियाँ कठड्याला धरून एकटेच जिना उतरू लागले.