दोन कार्डांमधलं बोटभर अंतर

बत्तीस वर्षं शहरातली बस चालवल्यावर ड्रायव्हरबाईंच्या गुडघ्याने संप पुकारला आणि ठरल्या वेळेच्या दोन वर्षं आधीच त्यांना घरी बसावं लागलं. घरी बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पहिल्या महिन्यात सगळी कपाटं तीनदा लावून झाली. चौथ्यांदा लावायला घेतली तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे ज्यांना सगळी इमारत काका म्हणते त्यांनी, हात टेकले आणि बाईंच्या भाचीला फोन केला. भाचीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिने मावशीला दुकानात बोलावून मोटारशर्यतीच्या एका खेळासमोर बसवलं, हातात स्टिअरिंग दिलं आणि दहा मिनिटं बघ म्हणाली. दुकान बंद करायची वेळ झाली तरी मावशी जागच्या हलेनात.

वर्षभरात बाई त्या खेळात चांगल्याच मुरल्या. त्यांची चालवण्याची तऱ्हा मात्र सगळ्यांहून वेगळी. बाकीचे वळणाच्या तोंडाशी येऊन ब्रेक दणकन दाबत. बाईंचा पाय अजूनही बसमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशांची काळजी करायचा. कोणी तोल जाऊन पडू नये म्हणून त्या वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलकेच दाबत जायच्या. त्यामुळे वेग थोडा कमी पडे, पण टायर इतरांपेक्षा कितीतरी जास्त टिकत. दुसऱ्या शहरातल्या एका शाळामास्तरांच्या हे बरोबर नजरेत भरलं. हे मास्तरही खेळात रोज भेटणारे. त्यांचा फक्त आवाज बाईंच्या ओळखीचा. चार तासांची एक शर्यत होती, एका गाडीवर दोन चालकांनी आळीपाळीने चालवायची. मास्तरांनी विचारलं, ताई, माझ्या जोडीला याल का. बाईंनी हो म्हणायला एक क्षणही लावला नाही.

मास्तरांची अट एकच होती. एका स्क्रीनवर शेजारून कोण येतंय ते दिसत नाही, आणि गेल्या महिन्यात बाईंनी दोघांच्या गाड्यांना बाजूने घासलं होतं. तेव्हा समोर एक आणि दोन्ही अंगांना एकेक, असे तीन स्क्रीन हवेत. आणि तीन स्क्रीन ओढणं घरच्या कॉम्प्युटरमधल्या, स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या एकुलत्या ग्राफिक्स कार्डाच्या आवाक्यातलं नव्हतं. एकसारखी दोन कार्डं शेजारी शेजारी बसवून त्यांच्यावर काम वाटून द्यायला हवं होतं. शर्यतीला बारा दिवस उरले होते.

भाचीने दुकानाच्या काउंटरवर दोन जोड्या मांडल्या. पहिल्या जोडीतल्या प्रत्येक कार्डाला तीन पंखे, कडेला चंदेरी पट्टी, आणि चालताना आवाज जवळजवळ नाहीच. दुसरी जोडी म्हणजे दोन काळे ठोकळे. प्रत्येकाच्या टोकाला ढोलासारखा एकच पंखा, आणि तो असा घोंघावायचा की काउंटरवरचे कागद उडावेत. भाचीने समजावलं की पहिलं कार्ड आपली उष्णता कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याच्या, आतच चहूकडे फेकतं, दुसरं ती लांबच्या लांब ओढत नेऊन मागच्या जाळीतून थेट बाहेर टाकतं. एकटंच बसवायचं असतं तर पहिलं उत्तम. दोन खेटून बसवायची तर तिचं मत काळ्या ठोकळ्यांना होतं.

"बत्तीस वर्षं गुडघ्याशी इंजिन घुरघुरत होतं," बाई म्हणाल्या. "आता मला शांतता दे."

भाचीने मावशीकडे एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, आणि चंदेरी जोडी खोक्यात भरून दिली. हट्टाला पेटलेल्या मावशीशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

संध्याकाळी तीन स्क्रीन एकदम उजळले. बाईंनी डावीकडे मान वळवली तर तिथे खरंच रस्ता होता. उजवीकडे कठडा, त्यापलीकडे झाडं, आणि शेजारून सरकणारी निळी गाडी चाकांसकट दिसत होती. थेट बसच्या केबिनमध्ये बसल्यासारखं वाटलं. त्यांनी काकांना हाका मारमारून बोलावलं आणि तोच तो डोंगरातला घाट तीनदा दाखवला.

आनंद पंचवीस मिनिटं टिकला. मग चित्र अडखळायला लागलं. गाडी पुढे जायच्या ऐवजी टप्प्याटप्प्याने उड्या मारायला लागली. भाचीने फोनवरून आकडे बघायला सांगितले. खालचं कार्ड एकाहत्तर अंशांवर होतं आणि वरचं चौऱ्याण्णववर. एवढं तापलं की कार्ड जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतं. चित्र त्यामुळेच अडखळत होतं. चार तासांच्या शर्यतीत पंचवीस मिनिटांनी धाप लागली तर मास्तरांना काय तोंड दाखवायचं, असं म्हणत बाईंनी काकांना पुन्हा हाक मारली.

काका शीतगृहात यंत्रं दुरुस्त करायचे. फळांच्या पेट्यांनी भरलेल्या थंड खोल्यांमधून हवा कशी फिरते हे त्यांना डोळे मिटूनही कळायचं, पण खेळाच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. त्या दिवशी मात्र ते कॅबिनेटसमोर मांडी घालून बसले आणि बाजूच्या जाळीतून आत डोकावून बघायला लागले.

"हा श्वास कुठून घेतो?" त्यांनी विचारलं.

बाईंनी बोटाने पुढचा पंखा दाखवला. काकांनी पातळ टिश्यू पेपरची एक चिंचोळी पट्टी कापली, तारेच्या टोकाला चिकटवली आणि आत एकेका जागी धरत गेले. पुढच्या पंख्याजवळ पट्टी आत ओढली जात होती, मागच्या पंख्याजवळ बाहेर. दोन कार्डांच्या मधे मात्र ती जेमतेम थरथरली. तिथे बोटभर जागा होती. खालच्या कार्डाने टाकलेली गरम हवा तेवढ्याशा फटीत कोंडत होती आणि वरचं कार्ड तीच हवा ओढून घेत होतं. पेट्या अशा खेटून रचल्या तर मधली फळं सडतात, काका म्हणाले. त्यांना आता हुरूप चढला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅबिनेटच्या बाजूच्या जाळीवर एक जादा पंखा बसवला. वरचं कार्ड शहाण्णववर गेलं. पट्टी धरून बघितली तर ती लोंबकळत राहिली. बाजूचा वारा आणि पुढचा वारा समोरासमोर येऊन एकमेकांना अडवत होते. काकांनी तो पंखा असा काही काढला, जणू त्याने त्यांचा अपमान केला होता. मग खालचं कार्ड आणखी एक जागा खाली सरकवायचं ठरलं. तिथे ते कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला टेकत होतं, म्हणजे त्याच्या पंख्यांचं तोंडच बंद. तीन दिवस असे गेले. त्या तीन दिवसांत नवराबायको गेल्या तीन वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले, आणि तेही सगळं हवेबद्दल.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतःच भाचीला फोन लावला आणि माझं चुकलं, ती काळी जोडी दे, असं सरळ सांगून टाकलं. भाचीने लगेच खोकं पाठवून दिलं. तिने ती जोडी पहिल्याच दिवशी बाजूला काढून वर मावशीचं नाव लिहून ठेवलं होतं, हे बाईंना खोकं हातात आल्यावर कळलं.

काळी कार्डं पहिल्यांदा चालू झाली तेव्हा पहाटे डेपोतल्या गाड्या एकदम सुरू व्हाव्यात तसा आवाज झाला. पण मागच्या जाळीशी काकांनी पट्टी धरली आणि ती ताठ आडवी उडायला लागली. तास झाला, दीड तास झाला, वरचं कार्ड ब्याऐंशीच्या पुढे सरकलं नाही. बाईंनी कानांवर हेडफोन चढवला आणि आवाजाची सवय आपल्याला आहेच, असं जाहीर करून टाकलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या वायरी नीट बांधल्या, टेबलाच्या मधोमध ठेवलेलं कॅबिनेट खिडकीच्या भिंतीशी सरकवलं आणि खोली झाडून लख्ख केली.

रविवारी सकाळी दहाला एकतीस गाड्या सुटल्या. बाई आणि मास्तरांची गाडी बाविसाव्या जागेवर होती. पहिला तास मास्तरांनी सांभाळून चालवली आणि पंधराव्या जागेवर आणून दिली. दुसऱ्या तासात बाईंनी घाई केली नाही. पुढचे लोक टायर बदलायला थांबत गेले, बाई थांबल्या नाहीत, आणि नववी जागा आली. मास्तरांनी तिसऱ्या तासात सातवी केली. शेवटचा तास बाईंचा.

काका शेजारी स्टुलावर बसून आकडे वाचत होते. भाची दुकान बंद ठेवून आली होती. दुपारचं ऊन खिडकीच्या पडद्यावर आलं होतं, खोलीत तीन माणसं आणि तीन स्क्रीन, आणि आकडे हळूहळू चढायला लागले. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. बाई तेव्हा पाचव्या जागेवर होत्या आणि पुढची गाडी दोनशे पावलांवर दिसत होती. काका एक्क्याण्णव म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. भाचीने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढायला स्क्रूला हात घातला.

"उघडू नकोस," काका म्हणाले. "पत्रा काढलास तर वारा वाट सोडून भलतीकडेच पळेल. थांब."

त्यांनी कॅबिनेटच्या मागे हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. मागे जाड पडदा आणि त्यामागे बंद खिडकी. कार्डांनी बाहेर टाकलेली सगळी उष्णता पडद्यावर आपटून परत आत येत होती. काल आवरताना बाईंनीच ते कॅबिनेट तिथे ढकललं होतं. ते आता पुढे ओढायला हवं होतं, आणि तेही चालू असताना, सगळ्या वायरींसकट.

"सरळ रस्ता कधी येतो?" भाचीने विचारलं.

"हे वळण झालं की," बाई म्हणाल्या. वळण संपलं, गाडी सरळ झाली. "आता ओढा."

दोघांनी दोन्हीकडून धरून कॅबिनेट हातभर पुढे घेतलं. घट्ट बांधलेल्या वायरी ताणल्या गेल्या आणि डावा स्क्रीन काळा पडला. समोर डावं वळण होतं. बाईंना त्या बाजूचं काही दिसेना. त्यांनी पाय नेहमीसारखा आधीपासूनच ब्रेकवर हलकेच टेकवला, आणि मास्तरांना एवढंच सांगितलं की मला डावीकडचं दिसत नाहीये.

मास्तर त्यांच्या शहरात बसून हीच गाडी आपल्या स्क्रीनवर वरून बघत होते. "डावीकडे पिवळी आहे, अगदी चिकटून," हेडफोनमधून त्यांचा आवाज आला. वर्गात शुद्धलेखन घालावं तितक्या शांतपणे ते सांगत गेले. "तशाच राहा. तशाच. ती मागे पडतेय. पडली. आता घ्या आत."

बाईंनी गाडी आत घेतली. भाचीने वायर खोचली आणि डावा रस्ता परत जागेवर आला. काकांनी पडदा बाजूला करून खिडकी सताड उघडली. आकडे क्षणभर तिथेच थबकले आणि मग उतरायला लागले. अठ्ठ्याऐंशी, पंच्याऐंशी, त्र्याऐंशी. काका प्रत्येक आकडा असा म्हणत होते, जणू कोणाचा ताप उतरतोय.

उरलेल्या वीस मिनिटांत बाईंनी दोन गाड्या मागे टाकल्या. दोन्ही गाड्यांचे टायर पार गेलेले होते. त्या वळणावर घसरत होत्या आणि बाई घरच्या अंगणातून जाव्यात तशा त्यांच्या शेजारून निघून गेल्या. एकतीस गाड्यांत तिसरा नंबर. मास्तर म्हणाले, ताई, मी कधीचा खुर्ची सोडून उभा आहे, आणि गाडी तर तुम्ही चालवत होतात. बाई इतक्या हसल्या की हेडफोन घसरून गळ्यात आला.

भाचीने लगेच काकांना विचारून घेतलं की दुकानात दोन गिऱ्हाईकांची यंत्रं अशीच तापताहेत, येऊन जरा वारा बघाल का. काकांनी पुढच्याच दिवसाची वेळ दिली. ते स्टुलावरून उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि मग काहीशा संकोचाने विचारलं की यंत्र आता थंडच आहे, तर एक चक्कर मीही मारून बघू का.

बाईंनी सीट सोडली. काका बसले, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि पहिल्याच वळणावर गाडी सरळ भिंतीत घातली.

"अगं, ब्रेक कुठला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा सुरू केली.